नळापाशी सोडलेली गांडुळं

अण्णा, परवा मॅडमच्या घरी जाऊन आले. खरं तर तेवढंच सांगायचं होतं. पण नुसतं तेवढं सांगून काही कळणार नाही, म्हणून कपाटापासून सुरू करते.

आपल्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातलं लाकडी कपाट, ज्याचं डावं दार आपोआप उघडायचं म्हणून तुम्ही सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली होती, ते आता भंगारात निघालं आहे. विभाग नव्या इमारतीत चालला. रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्यात काय आहे ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. तुम्ही गेल्यावर वर्षभरानं तुमची लेक म्हणून तुमच्या जागेवर मला घेतलं, तेव्हापासून मी इथेच आहे. किल्ल्यांचा जुडगाही तोच आहे. खालच्या खणात तुटके ड्रॉपर होते, त्यांच्याखाली एक वही निघाली. दोनशे पानी, पुठ्ठा उंदरानं कुरतडलेला. तुम्ही अशी वही ठेवत होता हे मला माहीत नव्हतं. विभागाचं रजिस्टर मॅडम स्वतः लिहायच्या. ही तुमची. वार, वावर, माती वली का कोरडी, गांडुळं किती. सातवी शिकलेल्या माणसाचं अक्षर, पण एकही ओळ वाकडी नाही. मी स्टुलावर बसून ती वाचली. सगळी नाही. एका श्रावणापर्यंत.

त्या आधीचं थोडं लिहिते. तुम्हाला ते माहीत आहे, पण मला सलग लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मी सहावीत असेन. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण साखऱ्याला काकांकडे राहायला गेलो आहोत. वावरात भेगा पडल्यात, हात आत जाईल एवढ्या. तुम्ही बांधाच्या कडेला कमरेइतकं खोदता, ढेकूळ फोडता, आणि आत सुपारीएवढ्या पोकळीत एक गांडूळ गाठ मारून बसलेलं असतं. तुम्ही ते माझ्या तळहातावर ठेवता. मी म्हणते, मेलंय. तुम्ही म्हणता, "मेलं न्हाई माय, निजलंय. पोट रिकामं करून निजतं ते. पाणी पडलं की उठंल अन् पयली माती खाईल." मग ते ढेकूळ तुम्ही जसंच्या तसं जोडून परत खड्ड्यात ठेवता आणि वरून माती ओढता. लग्नात कुणी हातावर नारळ ठेवतं तसं तुम्ही ते ठेवलं होतं. त्या सुट्टीतलं बाकी काही मला आठवत नाही.

तेव्हा तुम्ही फक्त प्रात्यक्षिकासाठी गांडुळं, झुरळं, बेडूक आणून द्यायचे. मुली किंचाळायच्या आणि तुम्ही म्हणायचे, "चावत न्हाई ताई, त्याला दातच न्हाईत. तुमच्या होस्टेलच्या भाकरीपेक्षा मऊ हाय." मग मॅडम बदलून आल्या. त्यांना गांडुळाशी काही काम नव्हतं, गांडुळाच्या पोटात जे राहतं त्याच्याशी होतं. मातीत जे जिवाणू असतात त्यातले बरेच निजल्यासारखे पडून असतात. गांडुळानं माती गिळली की आतड्यातल्या ओलीत त्यातले काही जागे होतात, वाढतात, आणि विष्ठेवाटे पुन्हा शेतात येतात, असं त्या मुलांना सांगायच्या. त्यांना बघायचं होतं की ज्या वावरात फवारणी होते तिथल्या गांडुळाच्या पोटात काय उरतं. तुम्हीच त्यांना साखरा सुचवलं. वरचं वावर काकांचं, तिथे शेणखताशिवाय काही पडत नव्हतं. खालचं शेजाऱ्याचं, तिथे दर हंगामाला पंप फिरायचा. मध्ये एक बांध. एक आड एक बुधवारी तुम्ही जायचे, दोन्हीकडची बारा-बारा गांडुळं दोन डब्यांत आणायचे, आणि गुरुवारी सकाळी ती टेबलावर असायची.

मी अकरावीला त्याच कॉलेजात आले आणि तास संपला की प्रयोगशाळेत येऊन बसायचे. गांडूळ आधी पाण्यानं, मग स्पिरिटनं धुवायचं. लांबीत चिरायचं. आतड्यातली माती काढून निर्जंतुक पाण्यात कालवायची, त्यातलं थोडं दहापट पाण्यात, त्यातलं पुन्हा दहापट, आणि शेवटचा थेंब काचेच्या बशीतल्या जेलीवर पसरायचा. दोन दिवसांनी बशीवर ठिपके उगवतात. पांढरे, पिवळट, काही सुरकुतलेले. पहिल्यांदा बशी पाहिली तेव्हा तुम्ही बराच वेळ वाकून उभे होता.

"मॅडम, हे समदं त्याच्या पोटात?"

"त्याहून जास्त. हे फक्त जेलीवर उगवणारे."

"मंग त्याला एकटं काहून म्हणावं," तुम्ही म्हणालात. मॅडम हसल्या. चांगलं हसल्या, तेव्हा.

एक नियम तुम्ही मलाही शिकवला होता. गांडूळ त्याच्याच मातीत ठेवायचं, ओल्या गोणपाटाखाली, सावलीत. दुसऱ्या मातीत टाकलं की ते ती माती खातं आणि पोटातलं बदलून जातं. हा नियम मी नीट ऐकला होता. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्या श्रावणात बुधवारी पंचमी आली. तुम्ही आठवडाभर आधी मॅडमना सांगितलंत. मी नळावर बशा धूत होते. तुम्ही टोपी हातात घेऊन म्हणालात, "बुधवारी पंचमी हाय मॅडम. त्या दिशी आमी मातीला खुरपं लावत न्हाईत. चिरत न्हाईत, खणत न्हाईत."

मॅडम सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता म्हणाल्या, "गांडुळांना पंचमी कळते का हो?"

मुलं हसली. एक जण म्हणाला, "अण्णा, गांडूळ म्हणजे नागाचं लेकरूच की. दूध पाजा त्याला."

तुम्हीही हसलात. "पाजतो की. तू आण म्हशीचं."

"मला गुरुवारी आठला टेबलावर पाहिजेत," मॅडम म्हणाल्या. "जेली ओतून ठेवलेली असते. ती थांबत नाही."

"व्हय," तुम्ही म्हणालात.

घरी तुम्ही आईला सांगितलंत की बुधवारी संध्याकाळीच साखऱ्याला जातो, मुक्काम करतो, पहाटे खोदतो आणि पहिल्या गाडीनं येतो. आता खरं लिहिते. पहिली गाडी सेनगावला थांबत थांबत दहाच्या आत कधीच हिंगोलीत पोचत नाही, हे मला माहीत होतं. तुम्ही उशिरा, चिखलाच्या पायांनी, डबे घेऊन दारात उभे राहणार आणि मुलं पुन्हा हसणार, हे मला दिसत होतं. तुम्हाला वाचवायचं होतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. मला तुमची लाज वाटली होती.

पंचमीच्या दुपारी गल्लीतल्या पोरी झोक्यावर होत्या. आई पुरणाची दिंडं उकडत होती. मी तुमचं जुनं खुरपं घेऊन पाण्याच्या टाकीमागच्या नर्सरीत गेले. टाकीचं पाणी सांडून तिथली माती कायम ओली असायची, शेजारून गल्लीची नाली जायची. गांडुळं दिसायला बराबर साखऱ्यासारखीच होती, मी चोवीस मोजून घेतली. घरी न्हाणीमागे तुम्ही मागच्या खेपेची माती दोन गोण्यांत ठेवली होती, वरच्या वावराची वेगळी आणि खालच्या वावराची वेगळी. मी ती ओली केली आणि बारा-बारा गांडुळं त्या मातीत सोडली. माझा हिशोब असा होता, की रात्रभर ती साखऱ्याची माती खातील, सकाळपर्यंत त्यांच्या पोटातलं साखऱ्याचं होईल. नियम तुमचाच होता. मी तो उलटा वापरला.

आईनं माझे हात पाहिले. "आजच्या दिशी मातीत हात घातला काहून? लोकं पुजून राहिले अन् तू खोदून राहिली?"

"गुलाबाची कुंडी पडली होती," मी म्हणाले.

गुरुवारी मी ती त्याच मातीसकट तुमच्या घरातल्या जुन्या दोन डब्यांत भरून आणली आणि पावणेआठला डबे टेबलावर ठेवले. म्हणाले, अण्णांनी पाठवलेत. मॅडम खूश झाल्या. मुलांना म्हणाल्या, "बघा, ह्याला काम म्हणतात." आणि त्यांच्या पर्समधून घडीचं एक भिंग काढून मला दिलं, पितळी कडीचं. "तुझ्याकडे राहू दे. पुढे शिकायचंय तुला." मी ते ओढणीच्या टोकाला बांधलं. साडेआठला चिरायला घेतलं. तुम्ही त्या दिवशी कधी आलात ते मी पाहिलं नाही. दुपारी तुम्ही बादल्या भरत होता, कपडे बदललेले होते. मला वाटलं, गाडी चुकली असेल, तुम्ही गेलाच नसाल, कुणी तरी सांगितलं असेल डबे पोचले म्हणून. काय वाटलं ते खरंच आता आठवत नाही. तुम्ही काही विचारलं नाही आणि मी बोलले नाही.

शनिवारी बशा उघडल्या तर दोन्ही वावरांच्या बशांवर गुलाबी ठिपके. ओल्या मेणासारखे, चमकणारे. आधी कधी नव्हते. दोन्हीकडे सारखे. मॅडम दिवसभर खुर्चीत बसल्या नाहीत. फवारणीच्या वावरातल्या गांडुळांच्या पोटात काही तरी नवीन जागं झालंय असं त्यांना वाटलं. त्यांनी त्यांच्या गुरूंना पत्र लिहिलं, बशा बघायला बोलावलं. ते पुढच्या खेपेला आले. त्या खेपेची गांडुळं तुम्ही स्वतः आणली होती, आणि बशांवर नेहमीचे पांढरे-पिवळट ठिपके आले. गुलाबी एकही नाही. गुरूंनी जुन्या बशा उजेडात धरल्या, वास घेतला, आणि मॅडमना एवढंच म्हणाले, "ही सांडपाण्याजवळची दिसतात. नमुना कुणी आणला?"

ते गेल्यावर मॅडमनी तुम्हाला बोलावलं. आठ-दहा मुलं होती. मी सिंकपाशी होते, हातात बुचं होती.

"पंचमी होती म्हणून खोदलं नाहीत, तर तसं सांगायचं. मी एक खेप सोडली असती. कुठली तरी उचलून साखऱ्याची म्हणून दिलीत?"

तुम्ही मान खाली घालून टोपी काढलीत.

"रात्रभर त्या मातीत ठेवलीत म्हणजे मला कळणार नाही असं वाटलं? पोट असं एका रात्रीत बदलत नसतं."

त्यावर तुम्ही मान वर केलीत. माझ्याकडे नाही, बशीकडे बघितलंत. मग म्हणालात, "चूक झाली मॅडम."

"कुठून आणली?"

"इथूनच. जवळूनच."

"इतकी वर्षं मी तुमच्या शब्दावर चालले हो," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. एका मुलानं खिडकीबाहेर बघितलं. माझ्या हातातली बुचं मी एकेक करून ताटलीत ठेवली. किती होती ते मला आजही सांगता येईल. मी तोंड उघडलं असतं तर भिंग परत द्यावं लागलं असतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्यानंतर साखऱ्याला मुलं मोटारसायकलवर जाऊ लागली. तुम्हाला स्टोअर आणि तासाची घंटा दिली. तुम्ही घंटा वेळेवर दिलीत. घरी या गोष्टीचा एक शब्द काढला नाहीत. मी बारावी झाले, पुढे बी.एस्सी.ला नाव घातलं. दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही स्टोअरमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. बायका म्हणाल्या, पोरगी रडना, दगड झाली. मी काही दगड झाले नव्हते. भाकरी खाल्ली, पाहुण्यांना चहा दिला, तेराव्याला पंगत वाढली. रडू यायला काही तरी आत हलायला लागतं. ते हललं नाही. नंतर नोकरी आली, लग्न झालं, लेकरं झाली, आई गेली. सगळं बराबर केलं. आत तेवढं तसंच राहिलं.

आता तुमची वही. त्या श्रावणाचं पान मी जसंच्या तसं उतरवते.

"बुधवार. पंचमी. खोदलं न्हाई.
गुरुवार. पाटे खोदलं. माती वली. वरच्या वावरात १२. खालच्या वावरात १२. कालेजात सव्वाधाला पोचलो. पोरीनं आधीच देले व्हते. आपली नळापाशी सोडली."

म्हणजे तुम्ही आला होता. दोन्ही डबे घेऊन दारापर्यंत आला होता. टेबलावर तुमचेच जुने डबे, गोण्यांतली तुमचीच माती आणि चिरलेली दुसरी गांडुळं तुम्ही पाहिली असतील, आणि परत फिरून मागच्या नळापाशी गेला असाल. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पंधरा दिवस तुम्ही वाट बघितलीत का, की मी सांगेन? वहीत तसं काही लिहिलेलं नाही. त्या नंतरच्या खेपेची नेहमीसारखी नोंद आहे. आणि तिच्याखाली एकच ओळ: "मॅडम रागावल्या. बराबर हाय." पुढची पानं कोरी.

वही पिशवीत घालून मी मॅडमकडे गेले. त्यांनी औंढ्याच्या रस्त्याला घर बांधलंय, मुलगा परदेशी असतो, त्या आणि एक कामवाली. इतकी वर्षं एकाच गावात राहून मी कधी गेले नव्हते. बोलायचं काय ते मी रिक्षात पाठ केलं होतं. त्यांनी मला ओळखलं, निदान विभागातली म्हणून ओळखलं. चहा आला. मी वही काढली, पान उघडलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं अण्णा. नर्सरी, गोण्या, गुलाबी ठिपके, त्यांचे गुरू, तुमची मान खाली, सगळं. आवाज कापला नाही. एखाद्याला बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

मॅडमनी चष्मा पुसला. "गुलाबी?" त्या म्हणाल्या. "येतात गं असे. प्लेटवर काय काय येतं. कुठल्या कामाच्या वेळचं म्हणतेस?"

"साखऱ्याच्या, मॅडम. दोन वावरं. मध्ये बांध."

"साखरा." त्यांनी आठवून पाहिलं. खरंच पाहिलं, उगाच नाही. "ते काम मी पुढे सोडलं बहुतेक. जमलं नव्हतं काही तरी." मग म्हणाल्या, "तुझे वडील म्हणजे ते उंच होते ते ना? शिट्टी वाजवत जिना चढायचे?"

"नाही मॅडम. ते नव्हते."

"हं," त्या म्हणाल्या. "फार जणांबरोबर काम केलं गं." वही त्यांनी उलटीकडून चाळली, कोरी पानं बघितली, आणि मिटून मला दिली. "अक्षर छान आहे."

घरी येताना मी कॉलेजवरून आले. मागचा नळ अजून गळतो. नोकरीला लागल्यापासून प्रात्यक्षिकाला गांडुळं मी तिथूनच काढते. जवळ पडतं म्हणून. मुली किंचाळतात तेव्हा मी तुमचं भाकरीचं वाक्य म्हणते, त्या हसतात. त्यातली कुठली तुमच्या डब्यातल्यांची असतील ते सांगता येणार नाही, आणि इतकी वर्षं तिथली माती खाऊन त्यांच्या पोटात साखऱ्याचं काही उरलंही नसेल. मी वाकून थोडी माती उकरली. एक होतं. परत झाकलं.

हे मी तुमच्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. पत्र म्हणून कुठे टाकायचं नाही. सोमवारी कपाट नेतील, वही मी ठेवून घेईन. भिंग अजून माझ्याकडे आहे, तेही लिहून ठेवते.

एकच राहिलं. मॅडमना काही आठवत नाही हे मला कळलं, तेव्हा कामवालीनं विचारलं, "ताई, आणखी घेता का?" माझा कप रिकामा होता. तुमच्यावरचा तो एक डाग आता जगात फक्त माझ्याच डोक्यात आहे, आणि तो पुसायला कुणी समोर उरलेलं नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या समजलं होतं. त्याचं वाईट वाटायला पाहिजे होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, अण्णा. मी हो म्हटलं, आणि दुसरा कप सगळा प्याले.